गोळीनंतरचे तास

२०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांपैकी १ कोटी १५ लाख, म्हणजे शंभरांत त्र्याहत्तर, कोणत्याही रुग्णालयाच्या दप्तरात नोंद न होता, औषधाच्या दुकानातून किंवा कोणा मध्यस्थाकडून मिळविलेल्या गोळ्यांनी घरच्या घरी पार पडले, असा अंदाज २०१८ च्या आरंभी ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या सहा राज्यांच्या पाहणीवर तो आधारलेला होता त्यांत महाराष्ट्र नव्हता. परंतु बोटाच्या पेराएवढ्या पाच गोळ्यांच्या पाकिटाला राज्याची आणि जिल्ह्याची हद्द अडवू शकत नाही, आणि बालाघाटाच्या उतारावरील वाड्यावस्त्यांतही चुकलेल्या पाळीवरचा उपाय म्हणून ते पाकीट पदराआड पोहोचत असते. या लेखाचा विषय ती गोळी घ्यावी की घेऊ नये हा नाही. गोळी घेतल्यावर ज्या थोड्या स्त्रियांची प्रकृती बिघडते त्यांच्याकडे पहिला हात कोणाचा पोहोचतो, त्या हाताला काय ठाऊक असले पाहिजे आणि तो पोहोचायला उशीर का होतो, एवढाच हा विषय आहे.

प्रथम औषधाविषयी. मिफेप्रिस्टोन हे द्रव्य १९८० साली फ्रान्समध्ये तयार झाले आणि भारतात त्याला २००२ साली परवानगी मिळाली. त्याचे जोडऔषध मिसोप्रोस्टॉल हे मूळचे जठरातील व्रणावरचे. गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या अंतःस्रावाची वाट पहिले औषध अडविते, आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी घेतलेले दुसरे औषध गर्भाशयाला आकुंचन आणून आतले सर्व बाहेर टाकते. २००८ च्या अखेरीपासून ही दोन्ही औषधे, पहिल्याची २०० मिलिग्रॅमची एक आणि दुसऱ्याच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या अशा बेताने, एकाच पाकिटात मिळू लागली. नऊ आठवड्यांच्या आत, योग्य प्रमाणात आणि जाणत्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली असता शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक स्त्रियांना दुसऱ्या कोणत्याही उपचाराची गरज लागत नाही, आणि रक्त चढवावे लागण्याचा प्रसंग तर हजारांत एखाद-दुसरीवरच येतो. औषध म्हणून पाहिले तर ते आपण रोज बेफिकिरीने गिळतो त्या कित्येक गोळ्यांपेक्षा अधिक भयानक मुळीच नाही, हे प्रारंभीच स्वच्छ सांगितले पाहिजे. कारण भीती पसरविणारे लिखाण या विषयावर पुष्कळ झाले आहे आणि त्याने एकाही बाईचा जीव वाचलेला नाही.

संकट येते ते बहुधा गोळीच्या भोवतालच्या परिस्थितीमुळे. दिवस किती गेले याचा हिशेब चुकलेला असतो. नऊ आठवड्यांऐवजी बारा किंवा चौदा आठवडे झालेले असतात. पाकिटातल्या पाच गोळ्या एकदम घेतल्या जातात, किंवा अर्धेच पाकीट हाती येते. पुढे काय होणार आणि त्यातले किती स्वाभाविक, हे कोणी सांगितलेले नसते. मिसोप्रोस्टॉल घेतल्यावर काही तासांत पोटात कळा येतात, पाळीपेक्षा जास्त रक्त जाते, गाठी पडतात, थंडी वाजते, अंग तापते, जुलाबही होतात. हे सारे अपेक्षितच आहे, आणि पहिल्या काही तासांचा जोर ओसरल्यावर थोडेथोडे रक्त पंधरवडाभर दिसत राहिले तरी त्यात वावगे काही नाही. परंतु तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत आहेत आणि असे लागोपाठ दोन तास चालले आहे, उठून बसता घेरी येते आहे, चोवीस तास उलटून गेल्यावरही ताप उतरत नाही, अंगावरून जाणाऱ्याला दुर्गंधी येते आहे, किंवा रक्त फारसे नसताना पोटाच्या एकाच बाजूला असह्य कळ उठते आणि खांद्याच्या टोकाशी दुखते, तर एक क्षणही घरी बसणे योग्य नाही. ही चार-पाच लक्षणे प्रत्येक घरातील थोरल्या बाईला पाठ असावीत, असे मला मनापासून वाटते.

धाराशिव जिल्ह्याचे आठ तालुके, आणि त्यांतल्या कळंब, वाशी, भूम या पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी ऊसतोडीला घराबाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल. आणि एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा म्हणून त्या उचलीत चढणारा दंड. अशा फडात, कारखान्याच्या आवारातील पालात, पहाटे चारला उठून मोळ्या बांधणाऱ्या स्त्रीला दिवस राहिले आणि तिने गुपचूप गोळी घेतली, तर रक्त जात असतानाच ती वाकून ऊस तोडीत राहते. विश्रांती म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे कर्ज, हे गणित तिच्या डोक्यात कायम जागे असते. त्यात ती आधीच रक्तक्षीण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीप्रमाणे महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांच्या अंगी रक्त कमी आहे. पंचेचाळीस किलो वजनाच्या स्त्रीच्या शरीरात एकूण रक्तच तीन लिटरच्या आसपास असते. ते पातळ असेल तर सशक्त स्त्री जेवढा स्राव सोसून जाईल तेवढ्याने ही कोसळते.

आता हाक जाते ती १०८ ला. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली सुरू झाली. तेव्हाचा ताफा ९३७ रुग्णवाहिकांचा, त्यांतील २३३ प्रगत साधनांच्या व ७०४ मूलभूत साधनांच्या, आणि साऱ्यांचे नियंत्रण पुण्याहून. इतर कित्येक राज्यांतील गाड्यांवर तंत्रज्ञ असतो. आपल्याकडे चालकाबरोबर, म्हणजे ज्याला सारे पायलट म्हणतात त्याच्याबरोबर, डॉक्टर असतो, बहुधा आयुर्वेदाचा पदवीधर. गर्भपाताची औषधे देण्याचा अधिकार कायद्याने त्याला नाही. परंतु रक्तस्रावाने निपचित पडलेल्या बाईचा जीव सांभाळीत तिला रुग्णालयात नेणे हे पूर्णपणे त्याचेच काम आहे, आणि ते काम कसे होते यावर पुढचे सारे अवलंबून असते.

वाशी तालुक्यातील एखादी वस्ती डोळ्यांपुढे आणावी. रात्रीचे अकरा वाजले आहेत, गाडी रस्त्यावर थांबली आहे, घरात दिवा मिणमिणतो आहे, बाजेवर सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई पडली आहे आणि सासूबाई म्हणतात, “कालधरून अंगावरून जातंय, पाळीच हाय, पर लईच जातंय.” जाणता डॉक्टर प्रश्न विचारण्याआधी मनगट धरतो. तळहात गार आहे का, घाम आला आहे का, नखावर दाब देऊन सोडल्यावर लाली दोन सेकंदांत परतते का, श्वास किती वेगाने चालला आहे, हे तो पाहतो, आणि मगच रक्तदाबाचा पट्टा बांधतो. कारण तरुण शरीर फार वेळ झुंज देते, नाडी धावू लागते आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्यामुळे सुमारे तिसरा हिस्सा रक्त जाईपर्यंत रक्तदाबाचा आकडा बरा दिसत राहतो आणि तो घसरतो तेव्हा वेळ हातची गेलेली असते. म्हणून नाडीच्या आकड्याला रक्तदाबाच्या वरच्या आकड्याने भागण्याचा एक साधा ठोकताळा वापरतात: नाडी १२०, दाब १००, भागाकार १.२. निरोगी माणसात हा भागाकार अर्ध्यापासून पाऊणपर्यंत असतो; ०.९ ओलांडला की आकडे वरकरणी कितीही साधे दिसोत, बाई धोक्यात आहे.

मग तो घरच्यांना बाहेर थांबायला सांगतो. ही सूचना शिष्टाचारापोटी आहे असे वाटेल, पण ती उपचाराचाच भाग आहे. सासू, नवरा किंवा दीर समोर असताना जे तोंडून निघणार नाही ते चार भिंतींत दोन मिनिटांत निघते. आणि प्रश्न असा: “ताई, काही गोळ्या घेतल्या होत्या का? कोणी दिल्या ते मी विचारत नाही. किती घेतल्या आणि कधी, एवढं कळलं की इलाज नीट करता येईल.” दोष न देता विचारलेल्या या एका वाक्याचे मोल सलाईनच्या बाटलीहून कमी नाही. शेवटची पाळी केव्हा आली, गोळी कधी व कशी घेतली, किती कपडे भिजले, काही मांसल भाग पडला का, ताप येतो का, पोट एकाच बाजूला दुखते का, याआधी सिझेरियन झाले आहे का, रक्तगट ठाऊक आहे का: उत्तरे मिळाली की अर्धे निदान झालेच. जे पडले असेल ते स्वच्छ पिशवीत घालून बरोबर घ्यावे. गर्भपात पूर्ण झाला की काही उरले, हे ठरविताना रुग्णालयातील डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

उपचार तसा साधा, मात्र क्रमाने व्हावा लागतो. बाईला सपाट निजवून पाय किंचित उंच ठेवायचे, अंगावर घोंगडी किंवा जे असेल ते पांघरूण घालायचे, कारण गारठलेल्या शरीरात रक्त लवकर गोठत नाही, प्राणवायू द्यायचा, दोन्ही हातांत जाड सुया टोचून सलाईन लावायचे, पण डोळे मिटून बाटल्यामागून बाटल्या रिचवायच्या नाहीत, कारण पाण्याने उरलेले रक्त आणखी पातळ होते, नाडी व दाब धरून राहतील एवढेच द्यायचे. तोंडाने काही द्यायचे नाही, चहासुद्धा नाही, कारण तासाभरात भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. रक्त गोठण्यास साहाय्य करणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल प्रसूतीनंतरच्या स्रावात तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जागतिक चाचणीने दाखवून दिले आहे. ब्रिटनमध्ये रुग्णवाहिकांवर ते नेहमी असते. गर्भपातानंतरच्या स्रावातही ते द्यायचे की नाही, हा निर्णय वरिष्ठ डॉक्टरांशी फोनवर बोलून करता येतो.

एक विलक्षण प्रकार येथे नोंदवून ठेवण्याजोगा आहे. कधी कधी रक्त फार गेलेले नसते, तरी बाई पांढरीफटक पडते, दाब कोसळतो, आणि नाडी धावण्याऐवजी मंद होऊन पन्नासाच्या खाली उतरते. सुटून आलेला गर्भपेशींचा तुकडा गर्भाशयाच्या तोंडात अडकून बसला की तिथल्या मज्जातंतूंना ताण बसतो आणि त्यामुळे हृदयाची गती खाली खेचली जाते. कितीही सलाईन लावले तरी ही बाई सुधारत नाही; रुग्णालयातील डॉक्टरांनी चिमट्याने तो तुकडा काढला की क्षणार्धात नाडी वर येते आणि चेहऱ्यावर रंग परततो. हे ज्याला माहीत आहे तो गाडीतूनच निरोप देतो, “मंद नाडी आहे, तोंडाशी अडकलेलं असावं,” आणि पलीकडे चिमटा, दिवा व टेबल तयार ठेवले जाते. त्या एका निरोपाने अर्धा तास वाचतो.

दुसरा, अधिक घातक प्रकार म्हणजे गर्भ पिशवीत नसून नळीत रुजलेला असणे. शंभर गर्भधारणांत एक-दोन वेळा असे होते. गोळीचा त्या गर्भावर काही परिणाम होत नाही. गोळी घेतल्यावर थोडे रक्त जाते, मोकळी झाले अशी बाईची समजूत होते, आणि आत नळी फुटते. रक्त बाहेर दिसतच नाही, ते पोटात साचते. खांद्याच्या टोकाला होणारी वेदना ही पोटातल्या रक्ताने छाती-पोटामधल्या पडद्याला दिलेली इत्तिला असते. गोळी घेण्यापूर्वी केलेली एक सोनोग्राफी हे संकट टाळू शकते, पण गुप्ततेच्या ओढीत नेमकी तीच राहून जाते.

न्यायचे कोठे, हाही वैद्यकीयच प्रश्न आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात उतरायचे, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून धाराशिवचे जिल्हा स्त्री रुग्णालय आणि शेवटी सोलापूरचे शासकीय रुग्णालय, अशा चार मुक्कामांच्या प्रवासात पहाट उजाडते. गर्भाशय रिकामे करू शकणारा डॉक्टर आणि रक्ताची पिशवी, या दोन्ही गोष्टी जिथे असतील तिथेच थेट जावे आणि वाटेतूनच फोन करावा. तुळजापूरहून सोलापूर पंचेचाळीस किलोमीटरवर आहे, परंड्याच्या माणसाला धाराशिवपेक्षा बार्शी जवळची. रुग्णवाहिकेच्या वाटेने जिल्ह्याची वेस मानू नये. आणि एक गोष्ट खेदाने लिहावी लागते. उरलेला भाग काढण्यासाठी हाताने चालणारी, विजेची गरज नसलेली निर्वात पिचकारी उपलब्ध असताना, आणि जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षे तिचाच पुरस्कार करीत असताना, कित्येक ठिकाणी आजही धातूच्या चमच्याने क्युरेटिंग करण्याचाच शिरस्ता चालू आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला या पिचकारीचे शिक्षण देऊन ती त्याच्या हाती दिली, तर या बायकांपैकी पुष्कळींना तालुक्याबाहेर जावेच लागणार नाही.

आता उशिराचे कारण. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा ज्या समितीच्या अहवालातून आला तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते, आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आहे. तरीही गर्भपात म्हणजे गुन्हा ही समजूत गावोगाव अढळ आहे. तिला खतपाणी मिळाले ते गर्भलिंगनिदानाच्या पातकामुळे. २०१२ साली शेजारच्या परळीत आणि २०१७ साली सांगली जिल्ह्यातील म्हैसाळात मुलगी म्हणून गर्भ पाडण्याचे जे प्रकार उघडकीस आले त्यांनी सारा महाराष्ट्र हादरला, आणि हादरायलाच हवा होता. परंतु त्यानंतरच्या तपासण्यांच्या धाकाने गोळ्या ठेवणेच पुष्कळ दुकानदारांनी सोडले, डॉक्टर कायदेशीर गर्भपातालाही बिचकू लागले, आणि जिला सरळ दारातून जाता येईना ती मागच्या दाराने, चढ्या दराने, पावतीशिवाय तेच पाकीट आणू लागली. मुलगी म्हणून गर्भ पाडणे आणि तीन लेकरांवर चौथे पोसवत नाही म्हणून सातव्या आठवड्यात मोकळे होणे, या दोन गोष्टींतला भेद पुसला गेला याची किंमत या बाईने मोजली आहे.

२०२१ च्या दुरुस्तीने कायदा बराच उदार झाला: वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते, गर्भनिरोधक फसल्याचे कारण अविवाहितेलाही सांगता येते, आणि गर्भपात करवून घेणाऱ्या स्त्रीचे नाव फोडणाऱ्या डॉक्टराला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. रुग्णालयातील दाखल नोंदवही गुप्त दस्तऐवज मानावी, असा नियम आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित-अविवाहित हा भेद वीस आठवड्यांच्या पुढेही मोडीत काढला, आणि अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पोलिसांना इत्तिला द्यावी लागली तरी तिने व पालकांनी विनंती केल्यास तिची ओळख उघड न करण्याची मुभा डॉक्टरांना दिली. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून स्वतः गोळी घेणारी बाई मात्र अद्याप फौजदारी कायद्याच्या शब्दांतून पूर्णपणे सुटलेली नाही. ही त्रुटी कायदे करणाऱ्यांनी काढून टाकली पाहिजे. पण उपचाराला तिची आडकाठी नाही. जीव धोक्यात असलेल्याला पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टराचे कर्तव्य, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच दिलेला आहे. इंग्लंडात मार्च २०२० पासून दोन्ही गोळ्या घरी घेण्याची परवानगी मिळाली आणि पुढे ती कायम झाली. तिथल्या बाईच्या हाती गोळ्यांबरोबर चोवीस तासांचा दूरध्वनी क्रमांक असतो. आपल्या बाईच्या हाती फक्त गोळ्या असतात, आणि खरा फरक तेवढाच आहे.

ही उणीव भरून काढण्याची परंपरा याच मुलखात आहे, हे मी आवर्जून सांगेन. भूमला लागून असलेल्या जामखेडात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर बायकांच्या हाती गावाचे आरोग्य सोपवून दाखविले. आणि तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या स्त्रियांना शिकवून ‘भारतवैद्य’ उभ्या केल्या. साधी शेतकरी बाई नाडी मोजू शकते, ताप पाहू शकते, कोणत्या रोग्याला थांबविता येईल व कोणाला लगेच पाठवायला हवे हे ओळखू शकते, हे या कामांनी सिद्ध केले. गरोदरपणाची चाचणी करण्याची निश्चय पट्टी आज आशाताईंच्या पिशवीत असतेच; तिच्याबरोबर भिजलेले पॅड मोजण्याची रीत, धोक्याची लक्षणे आणि तोंड बंद ठेवण्याची शपथ एवढे शिक्षण प्रत्येक आशाताईला मिळावे, आणि १०८ वरील डॉक्टरांच्या प्रशिक्षणात गर्भपातोत्तर रक्तस्रावाला स्वतंत्र तास असावा, अशी माझी आरोग्य खात्याकडे मागणी आहे. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यांच्या आवारात आठवड्यातून एकदा स्त्री-वैद्याची फेरी ठेवणे आणि आजारपणाचा खाडा माफ करणे ही कारखानदारांची जबाबदारी आहे. तिच्यावर चर्चा पुष्कळ झाली.

वाचकांपैकी कोणाच्या घरी, शेजारी, फडात अशी वेळ आली, तर बाईला आडवे करा, पांघरूण घाला, १०८ लावा, आणि येणाऱ्या डॉक्टराला गोळीचे खरे काय ते सांगा. रिकामे पाकीट सापडले तर तेही त्याच्या हाती द्या.